गाडीवाट पाण्यापर्यंत मोकळी ठेवणारे साळवे सर

साळवे सरांची आणि माझी पहिली ओळख माझ्याच आरडाओरड्यातून झाली. दिंद्रुडच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. एका रविवारी आम्ही नवरा-बायको धरणाच्या काठावर फिरायला गेलो. पाणी अगदी शांत होतं, आणि मध्येच एका जागी भराभर बुडबुडे येत होते. माणूस मात्र कुठे दिसेना. मी घाबरून ओरडले, "अहो, कोणीतरी बुडतंय!" आसपासची चार माणसं धावत आली आणि हसायलाच लागली. तेवढ्यात पाण्यातून काळ्या पोशाखातले, पाठीवर हवेची टाकी बांधलेले एक गृहस्थ वर आले. त्यांनी तोंडातली नळी काढली आणि शांतपणे म्हणाले, "बाई, बुडालो न्हाई. खाली काम चाललंय." मग मला विचारलं, "पोहता येतं का?" मी नाही म्हटलं. "कावून? या पुढल्या रविवारी."

मी गेले. त्याला आता बारा वर्षं झाली. सरांच्या षष्ट्यब्दिपूर्तीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या एका शिष्येला लिहायला मिळतंय, याचा मला फार आनंद आहे.

सर मूळचे चकलांब्याचे. पोहायला शिकले ते गावातल्या विहिरीत. पुढे नौदलात गेले आणि तिथे पाणबुडे झाले. जहाजाच्या तळाशी, गढूळ बंदरात, हाताला लागेल तेवढंच दिसणार अशा पाण्यात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर एखाद्या समुद्रकाठच्या शहरात त्यांना सहज नोकरी मिळाली असती. सर बीड जिल्ह्यात परत आले आणि या काठावरच्या लिंबाखाली त्यांनी स्कूबा डायव्हिंग शिकवायला सुरुवात केली. आमच्या तुकडीत एक कंपाउंडर होते, मासे धरणाऱ्या दोघी बहिणी होत्या, शिरूर कासारचे एक एसटी कंडक्टर होते आणि मी. सरांनी आम्हां सगळ्यांना एकच पहिला धडा दिला: खाली गेल्यावर घाई करायची नाही आणि सोबत्याचा हात नजरेआड होऊ द्यायचा नाही. आजही परिसरात कोणी पाण्यात अडकलं की पहिला फोन सरांना जातो.

त्या काठावर जायला एकच वाट होती. मागच्या वर्षी त्या वाटेवरची जमीन एका विकसकांनी रिसॉर्टसाठी घेतली, सपाट केली, तारेचं कुंपण घातलं आणि मोठं लोखंडी गेट लावलं. आम्ही टाक्या घेऊन गेलो तर गेटला कुलूप. मासे धरणाऱ्या बाया बाहेर ताटकळत उभ्या, म्हशी बाहेर, आम्हीही बाहेर.

दोन दिवसांनी तिथले व्यवस्थापक स्वतः सरांना भेटायला आले. बोलायला सज्जन होते. "सर, तुमच्या लोकांची नावं द्या. सगळ्यांना पास करून देतो. एक चावी तुमच्याकडेच ठेवा."

खरं सांगते, मला हायसं वाटलं होतं. आमचं काम तर झालं होतं! पण सर म्हणाले, "आमाला चावी दिली, म्हशीला पास कोण देणार? अन् या बायांनी रोज कुणाला इचारायचं? वाट सगळ्यांची हाय, साहेब. मला एकट्याला नको."

त्या संध्याकाळी आमच्यातले काही जण सरांवर चिडले. मीही त्यात होते. सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयात अर्ज दिला.

गावच्या जुन्या नकाशावर ती वाट गाडीवाट म्हणून दाखवलेली होती. धरण होण्याआधी ती खालच्या गावात जायची. ते गाव आता पाण्याखाली आहे. पण विकसकांच्या वकिलांचं म्हणणं असं, की वाट इथून नव्हतीच, ती पलीकडून होती. जमीन सपाट केल्यामुळे वर काहीच खूण उरली नव्हती. तहसीलदार मॅडम पाहणीला येणार होत्या, आणि आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

माझ्या सासूबाई त्या बुडालेल्या गावच्या. सर एका सकाळी घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मावशी, समजा तुमी बैलगाडीत बसून माहेरातून निघाल्या. आता मला रस्ता सांगा."

सासूबाईंनी डोळे मिटले. "येशीतून निघालं की उजव्या हाताला मारुतीचा पार. मंग वढ्यावर दगडी पूल, दोन मोऱ्याचा. तिथून सरळ चढण."

सरांनी हे तीनदा ऐकलं. मग आम्ही पाण्यात उतरलो. दोरी धरून, हातांनी चाचपत तळ शोधायचा होता. दोन दिवस नुसता गाळ हाती लागला. तिसऱ्या दिवशी सासूबाई हट्टानं काठावर येऊन बसल्या. दुपारी सर वर आले, नळी काढली आणि तिथूनच ओरडले, "मावशी, मोऱ्या दोनच हायेत!"

"मंग! मी काय खोटं सांगते व्हय?" असं म्हणून त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "अन् पार?"

सर पुन्हा खाली गेले. वर आले तेव्हा हात जोडून म्हणाले, "पार बी जाग्यावर हाय."

पुढचा आठवडाभर आम्ही पारापासून चढणीपर्यंत वाटेकडेच्या प्रत्येक मोठ्या दगडाला दोरी बांधली आणि दुसऱ्या टोकाला रिकामे डबे, नारिंगी रंगवलेले. पाहणीच्या दिवशी सरांनी मॅडमना गेटसमोर उभं केलं. एकही आरोप केला नाही. एवढंच म्हणाले, "मॅडम, इथून पाण्याकडं बघा."

नेमकी गेटच्याच रेषेत, काठापासून थेट पाण्यात, नारिंगी डब्यांची एक सरळ रांग गेली होती. मॅडमनी नकाशा पाहिला, पुन्हा पाण्याकडे पाहिलं आणि सासूबाईंचा जबाब लिहून घ्यायला सांगितलं.

महिन्याभरात निकाल आला. कुंपण दोन्ही बाजूंनी मागे सरलं, गेट निघालं. त्या सकाळी वाटेवर ही गर्दी! सगळ्यांत पुढे म्हशी होत्या. सरांनी मात्र व्यवस्थापकांना बोलावून आमच्याबरोबर चहाला बसवलं. जाताना म्हणाले, "तुमचे पाव्हणे येतील तवा पाठवा. लई चांगलं पाणी हाय. फुकट शिकवतो."

या ग्रंथाची कल्पना सांगितली तेव्हा सर लाजले. "माझ्यात काय लिवण्यासारखं हाय?" म्हणाले. सर, आम्ही लिहिलंच. तुम्हांला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. तुमचे गुडघे मजबूत राहोत, छातीत दम टिको, आणि खोल पाण्याचा दाब सोसणारे, आमच्यासारख्या चिडलेल्यांचंही शांतपणे ऐकून घेणारे तुमचे कान शंभरीतही असेच तल्लख राहोत.