टॉवेलवर गेलेला माझा शॉर्टकट

टेम्पो दारात उभा होता आणि लॅपटॉपवर माझा एडिटर उघडत नव्हता.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत बसवराजअण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे. पाकिटांवरची लेबलं छापणारं सॉफ्टवेअर माझं. इंदूरच्या नव्या पार्टीने सकाळी कळवलं, लेबलवर वेगळं धुण्याची सूचना इंग्रजीत नसेल तर माल उतरवून घेणार नाही. पहिलीच ऑर्डर, अण्णांचा जीव टांगणीला. मला प्रोग्रॅममधल्या लेबलाच्या मजकुरात फक्त एक ओळ वाढवायची होती.

एडिटर म्हणजे आम्ही प्रोग्रॅम लिहितो ती खिडकी. शहाण्याने ती उघडावी आणि कामाला लागावं. मी ती डिक्लेरेटिव्ह करून घेतली होती. म्हणजे सेटिंगं हाताने बदलायचीच नाहीत. रंग, फॉन्ट, शॉर्टकट, काय हवं ते एका फाइलीत लिहून द्यायचं. सिस्टम तसा एडिटर बांधून देते. लग्नाच्या आचाऱ्याला सांगावं तसं. पण तुम्ही चुकून मीठ नको म्हणालात, तर हा आचारी उलटून विचारत नाही, अख्ख्या मांडवाला अळणी वाढतो.

त्या दिवशी मला एक रंग जरा फिका हवा होता. कशाला, देव जाणे. रंग बदलताना दुसरी एक ओळ बिघडली. एडिटर उघडायचा आणि लगेच मिटायचा. अशा वेळी सिस्टमने जपून ठेवलेल्या आधीच्या एडिटरवर परत जाता येतं, हेच या सिस्टमचं कौतुक मी गावभर सांगत फिरायचो. फक्त ते आधीचे सगळे, जागा खातात म्हणून, मी आदल्या दिवशी पुसून टाकले होते.

अण्णा येऊन मागे उभे राहिले. मी म्हणालो, एडिटर दुरुस्त करतोय.

"मला एडिटर न्हाय, लेबल पायजे," अण्णा म्हणाले. "आमच्या कॉम्प्युटरवर व्हत न्हाय का?"

होत होतं. तिथल्या साध्या नोटपॅडमध्ये ओळ लिहिली, सेव्ह केली. लेबलं छापली, चिकटवली, टेम्पो गेला. मी घरी जाऊन आधी तो रंग फिका केला.

चार दिवसांनी अण्णांचा फोन. "पार्टी विचारायलीय, धुवायच्या सूचनेच्या शेवटी jj:w काय हाय?"

माझ्या एडिटरमध्ये jj दाबलं की टायपिंग थांबतं, :w दिलं की सेव्ह होतं. नोटपॅडला यातलं काय कळणार? सवयीने बोटांनी दाबलं, त्याने मुकाट लिहून घेतलं, आणि प्रत्येक पाकिटावर ते छापून इंदूरला गेलं. माल परत आला तर? लाजेने मेल्यासारखं झालं. अण्णांना खरं सांगितलं, आत्ता येऊन काढतो म्हणालो.

"काडू नका," अण्णा म्हणाले. "त्यांना ती क्वालिटीची खूण वाटली. दुसरी ऑर्डर आलीय, jj:w मालच पायजे म्हणत्यात."

सेटिंगं फाइलीत लिहून ठेवता येतात. बोटांत गेलेली मात्र तुमच्याआधी गिऱ्हाइकाकडे पोचतात.