जावाजावांची डिक्शनरी

विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला आणि आमचं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं, त्या वर्षांतली ही गोष्ट. शाहपूरच्या केळीच्या मळ्यांतून लग्न होऊन मी नुकतीच शहरात आले होते. थोरल्या जाऊबाईंनी आणि मी बाहेरून मॅट्रिकला बसायचं ठरवलं. सासरे शाळेत मराठी शिकवायचे. त्यांनी लगेच होकार दिला. अडचण फक्त इंग्रजीची होती.

घरात सासऱ्यांचा जाडजूड इंग्रजी-मराठी कोश होता. पहिल्याच दुपारी आमचं गाडं ‘एल्बो’ या शब्दाशी अडलं. कोशात अर्थ दिला होता ‘कूर्पर’. तो शब्द दोघींनीही कधी ऐकला नव्हता. शेवटी जाऊबाई पदर सावरत बाहेरच्या खोलीत गेल्या.

“मामंजी, कूर्पर म्हणजे काय हो?”

त्यांनी हात वाकवून कोपर दाखवलं आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. “हा पंडितांचा कोश आहे. उद्या चौकात जाऊन दुसरा घेऊ. पण निवडायचा तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने तीन-चार डिक्शनऱ्या पुढे मांडल्या. सासरे म्हणाले, “रोजच्या वापरातला शब्द काढा. अर्थ वाचून वस्तू डोळ्यांपुढे आली तरच पुस्तक आपल्या कामाचं.”

मी ‘राइप’ काढला. एका मराठी कोशात ‘परिणत’ होतं. हिंदीच्या डिक्शनरीत सरळ ‘पका हुआ’ लिहिलेलं. ती बरी वाटली. मग एक छोटी, निळ्या पुठ्ठ्याची डिक्शनरी उघडली. तिच्यात शब्दाखाली एक अख्खं वाक्य होतं. मी अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचलं: केळी अजून पिकलेली नाहीत. वाक्य इंग्रजीत होतं आणि ते मला कुणीही न सांगता कळलं होतं. मी दुकानातच हसायला लागले.

दुकानदाराला वाटलं, आमची गफलत होतेय. “बाईजी, ये तो अंग्रेज़ी की अंग्रेज़ी है। इसमें अपनी भाषा नहीं मिलेगी।”

“मिल गई, भैया,” जाऊबाई म्हणाल्या.

आम्ही निळी घेतली, आणि नडलं तर असावी म्हणून हिंदीचीही. मराठीच्या मास्तरांना हे कसं वाटेल, याची मला धाकधूक होती. ते पिशवीत पुस्तकं ठेवत म्हणाले, “अर्थ कळतोय ना? मग झालं.”

दुपारची भांडी आवरली की आम्ही स्वयंपाकघरात बसायचो. एकीने शब्द काढायचा, दुसरीने त्याचं घरातलं वाक्य करायचं. मीठ, चूल, मांजर, सासूबाईंचा चष्मा, सगळं इंग्रजीत आलं. सासूबाई शेजारी कापूस निवडत वाती वळायच्या.

निकाल लागला, आम्ही दोघी पास झालो. सासरे गरम मावा जिलेबी घेऊन आले. मी पुड्याला हात घातला, तोच सासूबाईंनी तो उचलून घेतला.

“वेट,” त्या म्हणाल्या. “आधी देवाला.”