वाघाटीचे आकडे

बाबा माघात गेले. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी अजिंठ्याच्या डोंगरातून वाघाटीचं बी आणून आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरामागं, कडुनिंबाच्या बुडाशी लावलं होतं. वाघाटी धड झुडूप नाही आणि धड वेलही नाही. दुसऱ्या वेलींसारखे तिला तणावे नसतात. पानाच्या देठाशी दोन आकडे असतात, वाघनखांसारखे मागं वळलेले. त्यांच्या आधारानंच ती झाडावर चढते. वर सरकताना ते आड येत नाहीत. फांदी मागं ओढली गेली की मात्र घट्ट रुततात.

"ही उपपर्णं आहेत, काटे झालेली," बाबा सांगायचे.

"उपपर्णं तुमची, अन् पदर माझा," आई म्हणायची. कपडे वाळत घालायची दोरी त्याच कडुनिंबाला बांधलेली होती.

आमच्याकडं आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला वाघाटीच्या भाजीनंच सुटतो. ती फळं बाबा दरवर्षी गुलमंडीच्या बाजारातून आणायचे, कारण परसातली वेल कधी फुललीच नाही. "तुमच्यासारखीच आहे. नुसता पसारा," आई म्हणायची. बाबा हसायचे.

तेराव्यानंतर आई म्हणाली, "पावसाळ्याआधी ही तोडून टाकू. बघवत नाही." त्या दिवसापासून ती मागच्या अंगणात गेलीच नाही. कपडे मी वाळत घालू लागले.

त्याच सुमारास पानांच्या वर एकाखाली एक ओळीनं बसलेल्या कळ्या मला दिसल्या. मी आईला म्हटलं, फुलं तेवढी होऊन जाऊ दे.

बाबांचं भिंग घेऊन मी सकाळी तिथं उभी राहायचे. फूल उमलतं तेव्हा पांढरं असतं. मग गुलाबी, लालसर होत मिटून जातं. पुंकेसर मांजराच्या मिशांसारखे लांब. त्यांच्यामधून तशीच एक लांब दांडी निघते आणि तिच्या टोकावर हिरवा मणी असतो. पाकळ्या, पुंकेसर सगळं गळून जातं. मणी दांडीवर राहतो आणि त्याचं फळ होतं. हे मी वाचलेलं होतं, बाबांकडून ऐकलेलंही होतं. पाहत होते पहिल्यांदाच. या वेलीचं एकही फूल बाबांना बघायला मिळालं नव्हतं.

फळं धरली तेव्हा मी म्हटलं, आता आषाढापर्यंत थांबू.

"तुझी कारणं संपायची नाहीत," आई म्हणाली. "द्वादशीच्या दुसऱ्या दिवशी कोयतेवाल्याला सांगितलंय."

द्वादशीला सकाळीच शेजारच्या काकू आल्या. "वहिनी, यंदा वर्ष आहे तुमच्याकडं. भाजीबिजी करू नका हं. सण नसतो."

"सण नाही करत," आई म्हणाली. "पण उपास धरलाय ना? मग सोडू कशानं, चहा-बिस्किटानं?"

काकू गेल्यावर तिनं पातेलं घेतलं आणि मागचं दार उघडलं. फळ तोडायला हात वर केला तोच पदर अडकला. मी धावत जाऊन ओढला, तसे आकडे आणखीच रुतले.

"ओढू नको, फाटेल." माझा हात बाजूला करून ती वेलीच्या आणखी जवळ गेली. पदर सैल पडला; मग एकेक आकडा तिनं मागं सरकवून सोडवला. "ह्यांनीच शिकवलंय. दोन साड्या फाटल्यावर."

तिनं फळं चिरली, बिया काढल्या, मिठाच्या पाण्यात उकडून फोडणीला टाकली. आम्ही दोघीच जेवायला बसलो.

"कडू झालीय," मी म्हटलं.

"गुलमंडीतल्या फळांचीही कडूच व्हायची. ते बोलायचे नाहीत." तिनं आणखी थोडी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी कोयतेवाला आला. वेलीकडं बघत म्हणाला, "लई माजलीय, अम्मा. बुडातूनच काढू ना?"

आई दारातच उभी होती. तिनं पलीकडच्या भिंतीकडं बोट दाखवलं.

"तिथं एक खिळा ठोका," ती म्हणाली. "दोरी तिकडं बांधायचीय."