सरळ बसवलेलं स्टेअरिंग

आमच्या मालाडच्या सोसायटीत अजून सांगतात की गाडी माझ्या बायकोने फुटपाथवर घातली. तसं नव्हतं. ते एकदा लिहून टाकतो.

गाडी जुनी, हौसेने मीच दुरुस्त करायचो. एका खड्ड्यात आदळल्यापासून ती डावीकडे ओढत होती आणि सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग तिरकं राहायचं. अलाइनमेंट करायला हवी होती, म्हणजे पुढच्या चाकांचे कोन मोजून जुळवायला हवे होते. मी मात्र स्टेअरिंगच काढलं आणि त्याच्या दांड्यावर दोन दाते फिरवून सरळ बसवलं. दिसायला झकास. चाकं वाकडी ती वाकडीच.

"अहो, ही अजून ओढतेय," बायको म्हणाली.

"तू हात सैल सोडतेस."

त्या दिवशी बोरिवलीहून येताना तीच चालवत होती. स्टेअरिंगवर तिची बोटं पांढरी पडली होती. "ओढतेय हो," ती पुन्हा म्हणाली.

"मग मिठी मार त्याला," मी म्हटलं, आणि पुढचं डावं टायर फुटलं.

गाडी बसस्टॉपकडे सुटली. माणसं मागे पळाली. एक म्हातारी बाकावरच बसून राहिली. बायकोने सगळं अंग टाकून स्टेअरिंग उजवीकडे ओढलं. चाक फुटपाथवर चढलं आणि म्हातारीच्या पिशवीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

स्टेपनी लावताना फुटलेलं टायर पाहिलं. बाहेरच्या बाजूची नक्षी शाबूत, आतली कड मात्र घासून तारा निघालेल्या. वाकडी चाकं टायर असंच खातात, हे मला ठाऊक होतं. घासलेली बाजू खाली करून मी ते डिकीत टाकलं.

गेटवर खरचटलेला बंपर पाहून शेजाऱ्याने विचारलं, "वहिनींनी ठोकली वाटतं?"

मी हसलो. बायकोने ते पाहिलं, चावी माझ्या हातात दिली आणि पुन्हा कधी मागितली नाही. याला काही वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात अलाइनमेंट करून आणली, स्टेअरिंगही नीट बसवून घेतलं. मग तिला सगळं सांगितलं, त्या टायरसकट. संध्याकाळी ती चपला घालून म्हणाली, "चला. चावी द्या."

लिंक रोडवर मोकळा पट्टा मिळताच तिने दोन्ही हात उचलले. गाडी रेषेत चालत राहिली. समोरचा सिग्नल लाल झाला.

"बघा, सैल सोडलेत."

"दिसतंय. धर आता."

"शेजाऱ्यांना कोण सांगणार?"

"मी."

मग तिने ब्रेक दाबला.