निळी चाळणी आणि लांबलेला समुद्र

आमचे साडू चिखल धुतात, आणि त्याचा त्यांना पगार मिळतो. जमिनीत खोल भोक पाडून काढलेला चिखल त्यांच्या प्रयोगशाळेत येतो. बारीक चाळणीतून तो धुतला की समुद्री जिवांची वाळूच्या कणाएवढी कवचं उरतात. साडू ती कुंचल्याने एकेक टिपतात. कुंचला जिभेने ओला करतात, त्यामुळे त्यांच्या पोटात किती युगं गेली असतील, देव जाणे.

कवचांवरून ते थराचं वय सांगतात. "फोटोत जावई दिसला, की फोटो लग्नानंतरचा," त्यांनी मला समजावलं. "चिखलात उशिरा जन्मलेली जात सापडली, की चिखल त्यानंतरचा." इतकं सोपं बोलल्याची भरपाई त्यांनी पुढे तासभर अवघड बोलून केली.

दर धुण्यानंतर चाळणी निळ्या रंगात बुडवायची असते. मागचं एखादं कवच जाळीत अडकलेलं असेल तर ते निळं होतं आणि चोर सापडतो. पण साडूंचे हातही निळेच. शेवटी मेहुणी म्हणाली, "अहो, टॉवेल निळा, दार निळं, पोरीचे गाल निळे. शेजारीण विचारते, हिला थंडी वाजते का?" साडूंनी मुकाट्याने रंगाला आठवडाभर सुट्टी दिली.

नेमकं त्याच आठवड्यात समुद्राने इथे टाकलेल्या सगळ्यांत जुन्या थरात एका अगदी अलीकडच्या जातीचं कवच निघालं. या थराला साडू वर्षानुवर्षं छातीठोकपणे जुना म्हणत आले होते आणि सोमवारी साऱ्या संस्थेपुढे तेच सांगणार होते. कवच थरातलं की चाळणीतलं? रंगच नव्हता, कळणार कसं?

"फेकून द्या की," मी म्हणालो. "एका कणाला कोण विचारतंय?"

मी सासऱ्यांनाच फेकायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मेहुणीच वैतागली. "जा, रंगवा हात. या सुतकी चेहऱ्यापेक्षा निळे हात परवडले."

साडूंनी चाळणी रंगवली, त्याच थराचा उरलेला चिखल धुतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी शेजारी उभा.

"मिळाली. तीच जात, बरीच आहेत."

"निळी?"

"सगळी पांढरी."

सोमवारी ते उभे राहिले. "मी इतकी वर्षं चुकीचं सांगत होतो. इथे समुद्र बराच उशिरा आला."

साहेबांनी चष्मा काढला. "मग त्याआधी इथे काय होतं?"

साडूंचा चेहरा एकदम खुलला. "ते अजून खाली आहे, साहेब. चिखल मागवू?"