बुधवारचा क्लास आणि मंदाची मूठ

चार बायका, एक फोन आणि बुधवारची दुपारची चारची वेळ, एवढं जमलं की किस्से आपोआप साचतात. मालिशची वाटी कितीही पुसा, कडेला तेलाचा थर राहतोच, तसे. मी ते लिहून ठेवते. शाळेत मी गेले नाही, वाचायला शिकले ते किराणाच्या पुड्यांच्या कागदांवर. हे आधीच सांगते, म्हणजे कुणी लाल पेन घेऊन बसायला नको.

आमचा क्लास माझ्याच घरी भरतो, मुकुंदवाडीत. विमलताई दवाखान्यात आया होती, आता रिटायर. तिच्या मुलीच्या ओळखीनं हा क्लास फुकट मिळाला. नसीमआपा समोरच्या घरातली. मंदा मागच्या गल्लीतली, खानावळीत भाकरी करायची. आणि मी कौसल्या, सगळ्यांची कौसामावशी. पन्नास वर्षं बाळंतिणी आणि बाळं चोळली.

शिकवणारी पल्लवी मॅडम पुण्यात बसते. माझ्या नातीच्या वयाची! तिचं म्हणणं असं, की माणसावर जे गुदरतं आणि तोंडानं सांगता येत नाही, ते अंगात बसून राहतं. ते अंगातूनच हलवायचं. तेही ऑनलाइन.

*

पहिल्याच दिवशी मॅडमनं विचारलं, "सगळ्यांचे पाय जमिनीवर टेकलेत का?"

आम्ही सतरंजीवर मांडी घालून बसलेलो, आपा तेवढी पाय पसरून. एकमेकींकडं बघायला लागलो.

नसीमआपा म्हणाली, "पूरे के पूरे टेकेले है बेटा, और कित्ता टेकूं?"

मॅडम हसली. तिला खुर्चीत बसलेली माणसं ठाऊक. मग शेजारून चार खुर्च्या आणल्या. आपाचे पाय खालपर्यंत पोचेनात, तर तिच्या पायाखाली माझा जेवायचा पाट दिला. तेव्हापासून दर बुधवारी पहिला प्रश्न तोच. पाय टेकले का? माणूस आत्ता कुठं आहे, ते म्हणे आधी पायांना कळावं लागतं.

*

खरं तर मी या क्लासच्या विरोधात होते. अंगाला हात न लावता अंगाचा उपचार? मी तोंडावर सांगितलं, "पोरी, मी हजार अंगं हातानं वाचलीत. तू काचेतून काय वाचणार?"

पण मला मंदापायी बसावं लागलं.

मंदाचं माहेर फुलंब्रीकडचं. दोन वर्षांमागं तिचा धाकटा भाऊ दत्ता विहिरीत अडकलेली मोटर काढायला उतरला. कमरेला दोर, दोराचं टोक मंदाच्या हातात. वर दुसरं कुणीच नव्हतं. कडेचा दगड निसटला आणि दत्ता लटकला. ही एकटी ओढत राहिली. दोर मधूनच तुटला. माणसं धावत आली तवाही ही ओढतच होती. हातात राहिलेला दोराचा तुकडा दोघांनी मिळून काढला.

तुकडा निघाला, पण मूठ उघडली नाही. उजवी. दत्ताला बाहेर काढून ठेवलं होतं, तिथं आई मंदाला एवढंच म्हणाली, "सोडलंस का गं त्याला?"

डॉक्टर म्हणाले, फोटो चांगला, नसा चांगल्या. मग भाकरी कशी थापणार? खानावळ सुटली. नखं तळहातात रुतायची. मी चमच्याच्या दांड्यानं मऊ फडकं आत सारायची. तीन महिने तीळतेलानं चोळलं. माझ्या हाताखाली न सुटलेला तो एकच सांधा. मला रात्री जेवण गोड लागेना.

मॅडमला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही तीन महिने मूठ उघडत होतात. आपण तिला आधी धरू देऊ या का?"

माझ्या तोंडाला कुलूप घालणारी ती दुसरी. पहिली माझी सासू होती.

*

नसीमआपानं अट घातली, कॅमेऱ्यात तोंड दिसता कामा नये. बरं, म्हणून विमलताईनं फोन पोह्यांच्या डब्याला असा तिरपा टेकवला की आम्ही दिसू, आणि आपाचे फक्त पाय. पाटावरचे दोन पाय.

तीन महिने मॅडमनं त्या बाईला पायांवरूनच ओळखलं.

एकदा क्लास सुरू झाल्या झाल्या म्हणाली, "आपा, आज उजवा अंगठा आखडून धरलाय. काही झालंय का?"

आपानं अंगठा दुसऱ्या पायाखाली लपवला. मग हळूच म्हणाली, मुलगा दुबईला आहे, त्याचा नऊ दिवसांत फोन नाही. घरात कुणाला बोललेली नव्हती.

मॅडमनं तिला टाच दाबायला लावली, सोडायला लावली, पुन्हा दाबायला लावली. आपा रडली. रडून झाल्यावर नाक पुसत म्हणाली, "चालीस साल में घरवालों ने मेरा अंगूठा नहीं देखा. ये पुणे में बैठको देख री!"

*

मॅडमनं एकदा अंग थरथरवायला शिकवलं. कुत्रं भिजल्यावर अंग झाडतं ना, तसं. भीती झाडून टाकायची.

विमलताईला ते असं जमलं, की पार केस सुटले. दार उघडंच होतं. शेजारची शांताबाई साखर मागायला आलेली. तिनं बघितलं, तशीच माघारी पळाली आणि हळद-कुंकू, लिंबू, नारळ घेऊन आली. थेट विमलताईच्या पायावर डोकं!

"आई, माझ्या गणेशच्या लग्नाचं बघ गं!"

विमलताई धापा टाकत ओरडली, "उठ गं! देवी नाय, कसरत हाय ही! आमच्या आज्यानं धम्म घेतला तवाच आमच्याकडचं अंगात येणं बंद झालं!"

शांताबाई ऐकते कुठली. तिला वाटलं, देवी रागावली. मग तिनं फोनाकडं बघितलं, आणि आत ही गोरीगोमटी पोरगी. फोनालाच हात जोडले. "मग तू तरी सांग माय."

मॅडम लाल झाली. म्हणाली, "काकू, गणेशला आधी एखाद्या मुलीशी नीट बोलायला सांगा."

शांताबाई नारळ ठेवून गेली. आम्ही पोट धरधरून हसलो. मंदाही हसली. पण मूठ पदराखाली होती तशीच.

*

एका बुधवारी मॅडमनं सांगितलं, अंगातली अशी एक जागा शोधा, जिथं बरं वाटतं, सुरक्षित वाटतं. सावकाश शोधा.

विमलताई म्हणाली, तळहात. आपा म्हणाली, कानाची पाळी. मंदा म्हणाली, नाही सापडत.

मला लई वेळ लागला. मग म्हणलं, "गुडघ्याच्या मागची खोबण."

"तिथंच का, मावशी?"

"तिथं कधी कुणी मारलं नाही."

पन्नास वर्षांत हे वाक्य मी कुणापुढं बोलले नव्हते. मी! जिला गल्लीतले बाप्ये वचकून असतात. नसीमआपानं माझा कप माझ्याकडं सरकवला.

"चाय ठंडी हो री, कौसा."

*

आता शेवटचं. हे घडून महिना झाला.

मॅडम मंदाला हळूहळू आणत होती. आधी नुसता श्वास. मग दोर मनात आणायचा आणि लगेच खिडकीकडं बघायचं. मग माझं जुनं सुती लुगडं पिळून तिच्या मुठीभोवती वेढे द्यायचे, दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधायचं आणि तिला ओढू द्यायचं. अंग म्हणेल तेवढंच. पण गज काही हलत नाही. ओढून ओढून मंदा थकायची आणि मूठ आणखी घट्ट.

त्या बुधवारी मॅडम म्हणाली, "आज टोक माणसाच्या हातात देऊ या."

विमलताईची कंबर धरलेली, आपाचे गुडघे गेलेले. मी म्हणलं, मी बसते. बहात्तर वर्षांची असले तरी हाडं माझी पक्की आहेत.

खोलीच्या एका टोकाला फरशीवर मंदा, दुसऱ्या टोकाला मी. मॅडम म्हणाली, "मावशी, तुम्ही उलटं ओढू नका. नुसत्या जड व्हा. ती ओढेल तशा सावकाश पुढं या. आणि मंदा, तू..."

नेट गेलं. मॅडमचा हात वर, तोंड अर्धं उघडं, तशीच चिकटून राहिली.

"थांबायचं का?" विमलताईनं विचारलं.

कुठलं थांबतं! मंदानं ओढायला सुरुवात केलेली. तिचे डोळे माझ्यावर होते, पण मला बघत नव्हते. मी आयुष्यात कुणाच्या ओढण्यानं तसूभर हलले नाही. त्या दिवशी हलले. एक फरशी. दुसरी. लुगड्याला पीळ बसत होता, तिच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या.

मध्यावर आले आणि माझा पदर खुर्चीच्या पायात अडकला. मी थांबले. लुगडं ताणलं गेलं. मंदाचा चेहरा पांढरा पडला.

"आपा!" ती किंचाळली. "धरा मला! मागनं धरा!"

आपाला गुडघे मुडपून वर्षं झाली असतील. ती खुर्चीवरून खाली घसरली आणि मंदाच्या कमरेला मागनं मिठी मारून बसली. त्या दिवशी विहिरीवर मंदाच्या मागं कुणी नव्हतं. विमलताईनं माझा पदर अडकलेली खुर्ची लाथेनं उडवली. आपा म्हणत होती, "हौ, मैं हूँ. खींच बेटा. खींच."

मंदानं ओढलं. तिच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो मी बाळंतिणींच्या खोलीत ऐकलाय. मी घसरत गेले, घसरत गेले, आणि माझे गुडघे तिच्या गुडघ्यांना लागले.

तिनं डाव्या हातानं माझा खांदा चाचपला. मग गाल. मग डोकं.

"पूर्ण वर आलात?"

"आले."

"पाय टेकले?"

मी दोन्ही गुडघे उभे केले, तळवे फरशीवर ठेवले. फरशी गार होती.

"टेकले गं बाई."

तवा तिनं सोडलं.