यंत्राला दाखवलेले घड

नवसाबाईला आयुष्यात कुणी कधी काही विचारलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी विचारलं नाही, सासरचा मळा वाटला गेला तेव्हा दिरांनी विचारलं नाही. दिंडोरी रस्त्यावरच्या ज्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये तिची उमेदीची वर्षं सरली, तिथं लाकडी पेट्या जाऊन प्लास्टिकचे क्रेट आले, गार खोली आली, डोक्यावर टोप्या आल्या. तेव्हाही "बाई, तुला काय वाटतं" असं कुणी म्हणालं नाही. तिनंही कधी तशी आशा धरली नाही. हातात कात्री, डोळ्यांपुढं घड, आणि तोंडानं गाजवलेला दरारा, एवढाच तिचा संसार.

दरारा म्हणजे काय विचारता! बायकांच्या टेबलाची ती मुकादम. घडातला एकेक डागी मणी कातरून काढायचा आणि मग घड पुढं सरकवायचा, हे काम. भुरीच्या बुरशीनं पांढरा पडलेला, तडकलेला, उन्हानं करपलेला मणी कुणाच्या हातून सुटला की नवसाबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. परदेशी खरेदीदार आले की मग तर बघायलाच नको. त्या दिवशी डागी मालाचे क्रेट टेबलाखाली सरकवायचे, वर फक्त काचेसारखा माल मांडायचा. पाहुण्यांपुढं वाईट ठेवायचं नाही, ही त्या टेबलाची रीतच होती. नव्या बाईला कात्री धरायच्या आधी ही रीत शिकवली जायची.

यंदा मालक योगेशभाऊंनी यंत्र आणायचं ठरवलं. कॅमेऱ्याखालून घड जातो, यंत्र स्वतःच चांगलं-वाईट ठरवतं आणि पट्ट्यावरून वेगळं करतं. सरकारचं नवं धोरण होतं आणि अनुदानही होतं. बायका कात्र्या थांबवून एकमेकींत कुजबुजू लागल्या. त्याच टेबलावर बसणाऱ्या गोजराबाईचं तर घरच त्या मजुरीवर चालायचं. नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगी शिकतेय. ती उघडच म्हणाली, "हे डबडं आलं की आपण घरी बसायचं, दुसरं काय?"

यंत्र बसवणारा माणूस पुण्याहून आला. म्हणाला, "मावशी, आठवडाभर याच्यापुढं चांगले-वाईट सगळे घड ठेवा. फोटो बघून बघून ते शिकेल." एवढं सांगून तो दुसऱ्या पॅकहाउसला गेला. आता बायकांनी काय केलं असेल? कॅमेरा म्हणजे पाहुणाच की! त्याच्यापुढं भुरीचा घड ठेवायचा तरी कसा? नवसाबाईनंच हुकूम सोडला, "आधी कातरा, मग ठेवा. आपल्या टेबलाची शोभा व्हायला नको." सवयीचे हात, झरझर चालले. आठवडाभर त्या यंत्रानं एक डागी मणी म्हणून पाहिला नाही.

मग चाचणीचा दिवस उजाडला. कृषी खात्याच्या सुवर्णा मॅडम आल्या, योगेशभाऊ नवा शर्ट घालून उभे राहिले, पुण्याचा माणूसही आला. बागेतून आलेला माल तसाच पट्ट्यावर सोडला. आणि यंत्रानं काय करावं? भुरीनं पांढराफटक झालेला घड पास! तडकून रस गळणारा घड पास! सगळंच पास! बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. गोजराबाई नवसाबाईला कोपरानं ढोसत म्हणाली, "बघितलंस? आंधळं हाय मेलं!" योगेशभाऊंचा चेहरा पडला. पुण्याचा माणूस घामाघूम होऊन खटखट बटणं दाबत होता.

नवसाबाईही हसली. पण हसता हसता तिच्या लक्षात आलं आणि हसू तिथंच थिजलं. यंत्राला वाईट दिसत नव्हतं, कारण वाईट त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

सुवर्णा मॅडमनी बायकांना गोल करून बसवलं आणि स्वतःही खाली बसल्या. म्हणाल्या, "धंदा वाढावा म्हणून सरकार यंत्राला पैसा देतंय. पण जबाबदारीनं आणा म्हणतंय. म्हणजे ज्यांच्या हातचं काम जाणार, त्यांना विचारल्याशिवाय मी मंजुरी देऊ शकत नाही. नवसाबाई, तुम्ही सांगा. या यंत्राला कळत नाही, असंच मी कळवू ना?"

सगळ्या बायका तिच्याकडं बघायला लागल्या. नुसती मान हलवायची होती. मान हलली की यंत्र परत जाणार, टेबल राहणार, गोजराबाईची चूल पेटती राहणार. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, फक्त खरं कारण पोटात ठेवायचं होतं. नवसाबाई मनाशी म्हणाली, बाई गं, जन्मात पहिल्यांदा कुणी विचारलंय! आणि पहिल्यांदाच आपण असं वागलो, तर उद्या आम्हा बायकांना पुन्हा विचारायला कोण येईल? म्हणतील, बायकांना काय विचारायचं, त्या आपल्या सोयीचं सांगतात.

"नाय मॅडम," ती म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. "चूक त्याची नाय, आमची हाय. आम्ही त्याच्यापुढं कातरलेलेच घड ठेवले. मीच सांगितलं तसं करायला. वाईट बघितलं नाय, तर त्याला कळंल कसं?"

गोजराबाईनं असं पाहिलं की नवसाबाईला वर बघवेना. पण बोलायला सुरुवात केलीच होती, तर आता थांबते कशाला! "आता दुसरंही ऐका. त्याला शिकवायचं तर ह्याच बायका लागतील. शिकवून झालं की आमचं काय, हे भाऊंनी आत्ता, तुमच्यासमोर सांगावं. जबाबदारी यंत्राचीच असती का? बायकांची कोण घेतो?"

योगेशभाऊ गडबडले. आधी म्हणाले, बघू. मॅडम म्हणाल्या, बघू म्हटल्यावर मंजुरी होत नाही. शेवटी ठरलं ते असं: या हंगामभर एकही बाई कमी करायची नाही, यंत्रानं टेबलाशेजारी बसून शिकायचं, आणि पुढच्या हंगामाआधी मॅडमनी पुन्हा येऊन विचारायचं. पुढचं पुढं. तेवढंच पदरात पडलं, त्याहून जास्त नाही. संध्याकाळी बायकांना घरी सोडणाऱ्या गाडीत गोजराबाई दुसऱ्या बाजूला तोंड करून बसली, आणि नवसाबाईनं घरी जाऊन भाकरीही खाल्ली नाही.

सकाळी ती एकटीच टेबलाखालचे डागी क्रेट ओढून कॅमेऱ्यापुढं मांडू लागली. कुणी मदतीला आलं नाही. मग गोजराबाई उठली. तिनं क्रेटमधला सगळ्यात वाईट घड उचलला, न कातरता कॅमेऱ्याखाली धरला, आणि यंत्राला म्हणाली, "बघ रे बाबा, नीट बघ. माझ्या पोटावर पाय देणारच असशील, तर डोळे उघडे ठेवून दे."

नवसाबाईनं पुढचा क्रेट तिच्याकडं सरकवला, आणि दोघी शेजारी शेजारी बसून त्याला वाईट काय असतं ते दाखवू लागल्या.